झोपाळ्याच्या घरात व्हीआर हेडसेट : दांडिया बाजारातलं एक प्रकरण

ताईच्या दिवाणखान्यात मधोमध झोपाळा आहे. सागवानी पाट, पितळी कड्यांच्या चार साखळ्या आणि दुपारी साडेचारला त्यावर बसून चहा पिणाऱ्या तिच्या सासूबाई. दांडिया बाजारातल्या जुन्या मराठी घरांत हे नेहमीचंच दृश्य. पिढ्यान्पिढ्या बडोद्यात राहून आपण गुजरातकडून जे काही मनापासून उचललं, त्यात झोपाळ्याचा नंबर बराच वर लागेल. २०२४ च्या दिवाळीनंतर भाच्याने व्हीआर हेडसेटचा, म्हणजे डोळ्यांवर चढवून आभासी जगात शिरायच्या यंत्राचा, विषय काढला, तेव्हा त्याने केलेल्या तुलनेच्या तक्त्यात बावीस रकाने होते. झोपाळ्याचा रकाना नव्हता. पुढे जे ठरलं त्यात या पाटाचा वाटा मोठा निघाला, म्हणून हे सगळं सविस्तर लिहून ठेवतोय.

घरात कोण आणि काय

भाचा कलाभवनात तिसऱ्या वर्षाला आहे. सयाजीरावांनी १८९० साली काढलेलं हे कलाभवन आता विद्यापीठाची अभियांत्रिकी शाखा आहे आणि घरापासून पायी पाच मिनिटांवर आहे, त्यामुळे स्वारीकडे वेळ भरपूर. चष्मा उणे साडेचार. त्याच्याकडे तीन गोष्टी आधीच होत्या: टीव्हीला जोडून खेळायचं सोनीचं प्लेस्टेशन ५, आरटीएक्स ३०६० या ग्राफिक्स कार्डाचा लॅपटॉप आणि लॉजिटेकचं जी२९ हे स्टिअरिंग. वेड एकच, गाड्यांच्या शर्यती. भाची अकरा वर्षांची, नाचात तरबेज. भावोजींनी पन्नास हजार मंजूर केले, "पण एकदाच, परत मागायचं नाही" या बोलीवर.

ताईची अट वेगळी होती. "एकट्या त्याच्यासाठी असेल तर मुळीच नको. घरात येतंय तर सगळ्यांना वापरता आलं पाहिजे."

हे वाक्य त्या दिवशी कुणी फारसं मनावर घेतलं नाही. मीही नाही. मला बोलावलं होतं ते 'मामा कॉम्प्युटरवाला' म्हणून, आणि आम्ही दोघं मामा-भाचे तक्त्यात डोकं घालून बसलो.

तक्त्याने निवडलेला हेडसेट

तक्त्यात चार उमेदवार होते. सोनीचा प्लेस्टेशनला जोडायचा पीएसव्हीआर२, मेटाचा कशालाही न जोडता बिनवायर चालणारा क्वेस्ट ३, त्याचा नुकताच ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेला स्वस्त भाऊ क्वेस्ट ३एस, आणि अहमदाबादेत कुणीतरी विकायला काढलेला जुना एचपी रिव्हर्ब जी२. भाच्याने प्रत्येक रकान्याला गुण दिले, गुणांना वजन दिलं, बेरीज केली. पहिला आला रिव्हर्ब.

कागदावर ते बरोबरच होतं. प्रत्येक डोळ्यासमोर २१६० गुणिले २१६० पिक्सेल, चौघांत सगळ्यांत जास्त, आणि किंमत सगळ्यांत कमी. अडचण अशी की हा हेडसेट तेव्हा चालत होता मायक्रोसॉफ्टच्या विंडोज मिक्स्ड रिअॅलिटी या प्रणालीवर, आणि विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीतून ती प्रणालीच काढून टाकलेली आहे. भाच्याचा लॅपटॉप ऑक्टोबरातच २४एच२ वर गेला होता. म्हणजे तक्त्याने आम्हाला एक उत्तम काचेचा, सुबक पेपरवेट सुचवला होता. विकणारा घाईत का होता हेही मग कळलं.

ही चूक भाच्याची एकट्याची नव्हती. पिक्सेल, हर्ट्झ, ग्रॅम हे आकडे एका रकान्यात मांडता येतात. 'हे यंत्र दोन वर्षांनी कुणाच्या मर्जीवर चालेल' हा रकाना कुणाला सुचत नाही, कारण त्यात आकडा घालता येत नाही. टीव्ही घेताना हा प्रश्न जवळपास नसतो, व्हीआरमध्ये पहिला असतो. हेडसेट म्हणजे खरं तर एका दुकानाची किल्ली. दुकान बंद झालं की किल्ली कितीही चकचकीत असो.

पीएसव्हीआर२ : भाच्याचं पहिलं प्रेम

रिव्हर्ब बाद झाल्यावर भाचा मनातून खूशच झाला, कारण त्याला हवा होता सोनीचा. त्याच्या बाजूने दोन मुद्दे होते आणि दोन्ही वजनदार. प्लेस्टेशन ५ घरात आहेच. आणि ग्रॅन टुरिस्मो ७ हा त्याचा रोजचा शर्यतीचा खेळ, ज्याला फेब्रुवारी २०२३ मध्ये, म्हणजे हेडसेट बाजारात आला त्याच सुमारास, व्हीआर फुकट मिळालं होतं. तो व्हीआर अवतार दुसऱ्या कुठल्याही हेडसेटवर चालत नाही.

त्याच्या एका मित्राकडे हा हेडसेट आहे. दोघं एका रविवारी जाऊन बघून आलो. खरं सांगतो, मी पण विरघळलो. पडदे ओएलईडी आहेत, त्यामुळे काळं म्हणजे काळं दिसतं. रात्रीची शर्यत, पाऊस, समोरच्या गाडीचे लाल दिवे ओल्या रस्त्यावर सांडलेले. एलसीडी पडद्यावर तीच रात्र राखाडी दिसते. कपाळावर टेकणारा गोल पट्टा, त्यामुळे ५६० ग्रॅम नाकावर येत नाहीत. चित्र थेट केबलमधून येतं, दाबून-पिळून आलेला व्हिडिओ नसतो.

परतताना भाचा म्हणाला, "मामा, ठरलं ना मग?" मी हो म्हणणारच होतो. मग चार गोष्टी एकामागून एक आडव्या आल्या.

पहिली केबल. साडेचार मीटरची. बसून गाडी चालवणाऱ्याला तिचा काहीच त्रास नाही. पण उभ्याने, गोल फिरत खेळायचं म्हटलं की ती पायात येते, आणि या घरात तर ती पायांआधी झोपाळ्याच्या साखळ्यांत अडकणार. दुसरी गोष्ट लॅपटॉप. पीएसव्हीआर२ कॉम्प्युटरला जोडायला सोनीने ऑगस्ट २०२४ मध्ये अडॅप्टर आणला, त्यामुळे भाच्याचा हिशेब असा की एकाच हेडसेटवर दोन्ही दुकानं उघडतील. पण त्या अडॅप्टरला डिस्प्लेपोर्ट १.४ लागतो, एचडीएमआयवर तो चालत नाही. भाच्याच्या लॅपटॉपला चित्र बाहेर काढायला एचडीएमआय तेवढा आहे. शिवाय कॉम्प्युटरवर गेल्यावर डोळ्यांचा मागोवा, हेडसेटची थरथर, एचडीआर म्हणजे उजेड-अंधाराचा खोल फरक, हे सगळं गळून पडतं. म्हणजे ज्यासाठी जीव टाकला तेच मागे राहतं.

तिसरी गोष्ट किंमत. भारतात तो तेव्हा पन्नास हजारांच्या वर जात होता. अमेरिकेहून आणायचा तर ५५० डॉलर, वर न्यू जर्सीचा सहा पूर्णांक काही टक्के विक्रीकर. ८५ च्या दराने ४९,८०० च्या पुढे. बसतो, पण श्वास रोखून.

आणि चौथी गोष्ट ताईने बॉक्सवरची बारीक अक्षरं वाचून काढली. सोनी बारा वर्षांखालच्या मुलांना हा हेडसेट वापरू नये असं स्पष्ट सांगते. मेटाची मर्यादा दहा वर्षं आहे, आईवडिलांच्या देखरेखीतल्या खात्यासह. भाची अकराची. "म्हणजे माझी अट गेली," ताई म्हणाली. भाच्याने एका वर्षाचा तर प्रश्न आहे असं काहीतरी पुटपुटून पाहिलं.

उसना क्वेस्ट २ आणि एक वही

मी म्हटलं, वाद थांबवू. माझ्या ऑफिसातल्या एकाकडे मेटाचाच आधीचा क्वेस्ट २ पडून होता, २०२० चा. तो दहा दिवसांसाठी आणला आणि ताईला एक वही दिली: कोण, किती मिनिटं, काय खेळलं, पोटात ढवळलं का. या प्रकरणात माझं काही योगदान असेल तर ही वही, बाकी बडबड.

त्या हेडसेटच्या उजव्या डोळ्यात कोपऱ्यात एक करपलेला ठिपका होता. मालकाने तो गच्चीच्या दाराशी, लेन्स वर करून ठेवला होता म्हणे. भिंगाने कागद जाळण्याचा जो शाळकरी प्रयोग, तोच. पाच-दहा मिनिटांचं ऊन लेन्समधून पडद्यावर एकवटलं की पडदा गेला. बडोद्याच्या उन्हात हे सांगायला हवं. ताईने तिथल्या तिथे खिडकीचा पडदा ओढला.

दहा दिवसांनी वहीतली बेरीज अशी: भाची २८० मिनिटं, भाचा १६५, ताई ९०, भावोजी २०, आजी ४.

ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं तो दुसरा आला. भाची रोज शाळेतून आली की बीट सेबरच्या नमुना गाण्यांवर दोन तलवारी फिरवायची, घामाघूम व्हायची आणि ताईने ठरवलेल्या अर्ध्या तासाला बरोबर काढून ठेवायची. ताई स्वतः मिनी गोल्फ खेळायला लागली. एका जागी उभं राहायचं, चेंडू मारायचा, बटण दाबून पुढच्या ठिकाणी उडी घ्यायची. त्यात पोट ढवळत नाही. भावोजींनी एकदा भाच्याची शर्यत करून पाहिली आणि दुसऱ्या वळणावर हेडसेट काढून गार पाणी मागितलं. डोळे सांगतात गाडी वळली, कानातला तोल सांभाळणारा अवयव सांगतो आपण खुर्चीतच आहोत, आणि या भांडणाचा निकाल पोट लावतं. भाच्यालाही पहिले तीन दिवस पंधरा मिनिटांवर जमत नव्हतं. नंतर सरावला.

आजींची चार मिनिटं सगळ्यांत करमणुकीची. त्या झोपाळ्यावरून उठायला तयार नव्हत्या, म्हणून भाच्याने तिथेच हेडसेट चढवला आणि त्यांना गाडीत बसवलं. झोपाळा हलतोय. हेडसेटच्या कॅमेऱ्यांना खोली दिसते, त्यामुळे डोकं मागे-पुढे जातंय हे त्याला बरोबर कळतं. पण गाडी मात्र खोलीत एका जागी खिळलेली. झोका पुढे गेला की आजी काचेतून बाहेर, मागे आला की मागच्या सीटवर. "अरे, हे स्टिअरिंग पळतंय कुठे?" चौथ्या मिनिटाला प्रयोग संपला.

पण झोपाळ्याचा खरा प्रश्न जागेचा होता. उभ्याने खेळायला साधारण दोन मीटर गुणिले दोन मीटर मोकळी जागा लागते, मग हेडसेट कुणाचाही असो. दिवाणखान्यात ती फक्त मधोमध आहे, म्हणजे झोपाळ्याच्या जागी. शेवटी भावोजींनी उपाय काढला: पाट कड्यांतून काढून भिंतीला उभा करायचा आणि साखळ्या वर आकड्याला बांधायच्या. काढायला दोन मिनिटं, लावायला तीन. साडेचारच्या चहाला पाट परत जागेवर हवा, ही आजींची अट. म्हणजे खेळाची मांडामांड रोज होणार आणि रोज मोडणार. जिथे टीव्हीशेजारी प्लेस्टेशन, तिथून ओढलेली केबल आणि दररोजचं हे उचलठेव एकत्र जमत नाही. बिनवायरचा हेडसेट डोक्यावर चढवला की झालं. उभ्याने खेळणाऱ्या दोघींची मिळून ३७० मिनिटं, बसून खेळणाऱ्या दोघांची १८५. वही उघडी ठेवून हे वाचून दाखवलं तेव्हा भाचा बराच वेळ काही बोलला नाही.

मग मी त्याला स्टिअरिंगची गोष्ट सांगितली. 'प्लेस्टेशन घरात आहेच' हा त्याचा मुद्दा मी महिनाभर मान्य करत आलो होतो, पण घरात आधीपासून असलेल्या वस्तूंमध्ये खरी मोलाची वस्तू तो जी२९ होता. तो प्लेस्टेशनलाही चालतो आणि कॉम्प्युटरलाही. आणि असेट्टो कोर्सा हा शर्यतीचा खेळ त्याने स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या खेळांच्या ऑनलाइन दुकानात, केव्हाच विकत घेतलेला, जो व्हीआरमध्ये चालतो. क्वेस्ट लॅपटॉपला जोडला की शर्यत चालू. ग्रॅन टुरिस्मो मात्र जाणार होता, त्याला पर्याय नव्हता, आणि मी तसं आडवळण न घेता सांगितलं.

३ की ३एस

इथे मला वाटलं काम सोपं आहे. दोन्हींत एकच चिप, स्नॅपड्रॅगन एक्सआर२ जेन २, स्मरणशक्ती दोन्हींत ८ जीबी, खेळ तेच. तेव्हा ३एस २९९ डॉलरला होता, ३ हा ४९९ ला. करासकट फरक साधारण अठरा हजार रुपयांचा. मी ताईला फोनवर सांगून मोकळा झालो की ३एस घ्या, उरलेल्या पैशांत खेळ घ्या.

मला आडवा केला तो रावपुऱ्यातल्या चष्मेवाल्याने. भाच्याच्या चष्म्याची दांडी उसन्या हेडसेटमध्ये वाकली होती, ती सरळ करायला गेलो तेव्हा त्याला सहज म्हटलं, सगळ्यांचं पीडी मोजून द्या. पीडी म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर. चष्मा बनवताना ते मोजतातच. पैसे घेतले नाहीत. भाचा ६६ मिलिमीटर, भावोजी ६४, ताई ६१, भाची ५७.

आता, ३एस च्या लेन्स तीनच जागी बसतात: ५८, ६३ आणि ६८. क्वेस्ट ३ ला चाक आहे, हळूहळू फिरवत मधल्या आकड्यांवरही आणता येतं. दोन मिलिमीटरचा फरक म्हणजे आकाश कोसळलं असं नाही, पुष्कळ लोकांना तो जाणवतही नाही. पण ३एस मध्ये फ्रेनेल लेन्स आहेत, दीपगृहात असतात तशा वर्तुळावर वर्तुळं कोरलेल्या. त्यांतून मधोमध स्वच्छ दिसतं आणि कडेला जाता जाता पुसट होतं, उजळ वस्तूंभोवती प्रकाशाच्या रेघा येतात. अशा लेन्समध्ये बाहुली मध्यापासून सरकली की स्वच्छ दिसणारा तुकडा आणखी लहान होतो. क्वेस्ट ३ च्या पॅनकेक लेन्स प्रकाशाला आतल्या आत परतवून आणतात. त्यात उजेड बराच वाया जातो, पण चित्र कडेपर्यंत रेखीव राहतं.

हे सगळं मी पुस्तकी बोलत होतो. भाच्याने एका वाक्यात मुद्दा संपवला. "मामा, आपण दहा दिवस ३एस च वापरला की."

खरंच होतं. क्वेस्ट २ आणि ३एस, दोन्हींचे पिक्सेल तेच, १८३२ गुणिले १९२०. लेन्सची जात तीच. डोळ्यांच्या जागा त्याच तीन. बदलली ती आतली चिप आणि बाहेरचे कॅमेरे. म्हणजे डोळ्यांपुरता ३एस घरात येऊन गेला होता आणि त्याचा निकाल वहीत लिहिलेला होता. भाचीच्या पानावर 'मस्त', 'मस्त', 'अजून हवं'. भाच्याच्या पानावर: डॅशबोर्डवरचे आकडे वाचायला मान वळवावी लागते, लांबचं वळण कळत नाही, चष्मा लेन्सला घासतो. तलवारीने ठोकळे कापायला कडेची अक्षरं वाचावी लागत नाहीत. शर्यतीत मान समोर ठेवून फक्त नजर आरशाकडे टाकायची असते, आणि फ्रेनेलमध्ये नेमकं तेच होत नाही.

मी शब्द मागे घेतला. एकट्या भाचीसाठी असता तर आजही ३एस च म्हणेन, आणि तिच्या वयाची मुलं असलेल्या बहुतेक घरांना तेच सांगतो. पण इथे ग्रॅन टुरिस्मो सोडून द्यायला लावलेल्या मुलाला वर पुसट आरसे देणं मला जड गेलं. हा तंत्राचा निकष नाही, कबूल.

आणला कसा

भावोजींची धाकटी बहीण न्यू जर्सीत असते आणि दर उत्तरायणाला येते. जानेवारीत अर्ध्या बडोद्यात कुणाची ना कुणाची आत्या विमानतळावरून येत असते. क्वेस्ट ३, ५१२ जीबीचा, करासह ५३२ डॉलर, म्हणजे ४५,२०० रुपये. भाच्याच्या नंबरच्या वेगळ्या लेन्स, चुंबकासारख्या बसणाऱ्या आणि काढता येणाऱ्या, पन्नासेक डॉलर. दोन्ही मिळून त्या वेळच्या पन्नास हजारांच्या करमुक्त मर्यादेत बसलं आणि भावोजींच्याही. वॉरंटी त्या देशाची, हे धरूनच चाललो होतो.

१४ जानेवारीला सगळे गच्चीवर पतंगाला आणि हेडसेट खाली पेटीत, कारण ताईने तो वर न्यायला साफ मनाई केली होती. ऊन.

नंतरचे सहा महिने

लॅपटॉपला बिनवायर जोडायचा बेत पहिल्याच आठवड्यात फसला. राऊटर भाच्याच्या खोलीत आणि मध्ये दीड हात जाडीची विटांची भिंत. ५ गिगाहर्ट्झची वायफाय तिथे मान टाकते. आता शर्यत त्याच्याच खोलीत, यूएसबी केबल लावून. बसून खेळायचं असल्याने केबल नडत नाही, पण चित्र दाबलेल्या व्हिडिओसारखं येतं आणि जोरात जाताना कडेची झाडं किंचित चिकट दिसतात. मित्राच्या पीएसव्हीआर२ शी तो अजून तुलना करतो. रात्रीच्या शर्यती त्याने इथे लावणंच सोडलंय.

बॅटरी दोन तासांच्या आसपास चालते आणि भाचीच्या अर्ध्या तासापुढे ते कधी आड आलं नाही. मे महिन्यात मात्र सगळंच थंडावलं. पारा बेचाळीसवर, पंखा लावला तरी पाचव्या मिनिटाला घामाने काचा धूसर. चेहऱ्याला टेकणाऱ्या भागावर घालायचं सिलिकॉनचं कव्हर घेतलं, ते धुता येतं. पण चार जण एकच वस्तू तोंडाला लावतात म्हटल्यावर ते पहिल्याच दिवशी घ्यायला हवं होतं. हे माझ्याकडून राहिलं.

मार्चमध्ये सोनीने पीएसव्हीआर२ ची किंमत अमेरिकेत ५५० वरून ४०० डॉलरवर आणली. भाच्याने मला बातमीची लिंक पाठवली. खाली एक शब्दही लिहिला नव्हता. मी 'लॅपटॉपला एचडीएमआयच आहे' असं उत्तर टाइप केलं आणि पुसून टाकलं.

परवा चार वाजून वीस मिनिटांनी ताईकडे गेलो तर भाची तलवारी फिरवत होती, साखळ्या वर बांधलेल्या, आणि आजी पाटाशेजारी खुर्ची टाकून घड्याळाकडे बघत बसलेल्या. "दहा मिनिटं राहिली हं तुझी," त्या म्हणाल्या. मला म्हणाल्या, "आलास ते बरं झालं, पाट जरा जड आहे, एका बाजूने धर."